उतारावरचा चकोर: लडाखमधल्या कामाच्या नोंदी

14 एप्रिल 2024, सासपोल

कामाची हद्द आज पक्की केली. सिंधूच्या उजव्या तीरावरचं सासपोल, पलीकडचं अल्ची, वरच्या अंगाचं लिकीर आणि जूनमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक. साधारण 3,100 ते 4,000 मीटर उंचीचा पट्टा. पक्षी एकच, चकोर. पक्षीनिरीक्षक त्याला चुकार पार्ट्रिज म्हणतात, शास्त्रीय नाव अलेक्टोरिस चुकार. जॉन एडवर्ड ग्रे यांनी 1830 मध्ये भारतातल्या नमुन्यावरून त्याचं वर्णन केलं.

यातून दोन गोष्टी तयार व्हायला हव्यात. लडाखला येणाऱ्या मराठी सहलींसाठी जी पुस्तिका करतोय तिच्यातलं चकोराचं प्रकरण, आणि गावातल्या कुणालाही भरता येईल असं एक पानी नोंदपत्रक. उन्हाळ्यात लेहच्या बाजारात मराठी कानावर पडणार नाही असा दिवस विरळा. ही मंडळी हिमबिबट्या दिसेल का म्हणून हमखास विचारतात, आणि रस्त्याच्या कडेने चढणारा चकोरांचा थवा मात्र नजरेतून निसटतो. त्यांच्यासाठी हे प्रकरण चांगलं उतरायला हवं.

प्रश्न असा घेतलाय: दिवसाच्या कोणत्या वेळी हा पक्षी उताराच्या कोणत्या भागात असतो आणि तिथेच का? पुस्तकांत ‘कोरड्या, दगडाळ उतारांवर आढळतो’ एवढं वाक्य असतं आणि विषय संपतो. मला वाटतं, चकोराचं खाणं, पळणं, घरटं, पिल्लं वाढवणं, सगळं त्या उताराशी बांधलेलं आहे. ते उलगडून दाखवता आलं तर या कामाचं चीज झालं.

पथ्यं लिहून ठेवते. घरटं शोधायचं नाही. थव्याच्या मागे चढायचं नाही. ध्वनिमुद्रित हाक वाजवायची नाही. हाक ऐकवली की चकोर उत्तर देतात, त्यावरून गणतीही करून पाहिली गेलीय, पण त्या आकड्यांवर फारसं विसंबता येत नाही. शिवाय हा विणीचा हंगाम. जोडी जमवण्याच्या दिवसांत खोट्या आवाजाने नरांना दमवण्यात काय हशील?

17 एप्रिल, सासपोल

जर्दाळू फुललाय. शेतं नांगरून होत आलीत. घरमालक मेमे-ले (लडाखी आजोबा) यांच्या गच्चीवरून गावामागचा आख्खा उतार दिसतो, त्यामुळे आडोसा वगैरे उभारायची गरज नाही. त्यांनी स्वतःहून जुनी सतरंजी आणि थर्मास वर आणून दिला.

उताराचे चार भाग पाडले. खाली शेतांचे दगडी बांध. त्यामागे ओढ्याने आणून पसरलेल्या गोट्यांचं मैदान. मग घसारा. आणि सगळ्यांत वर कपारींचा कातळ. सह्याद्रीत भटकणाऱ्याला घसारा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, पण इथे तो डोंगराची आख्खी बाजू व्यापून असतो. सुटे दगड साधारण 30 ते 35 अंशांच्या उतारावर तोल धरून थांबतात. क्लिनोमीटर (उताराचा कोन मोजायचं साधन) लावला, इथलाही त्यातच बसला. त्यावर पाय ठेवला की दगड निसटतात आणि आवाज खालपर्यंत जातो. कोल्ह्याला गुपचूप जवळ यायला याहून वाईट जागा नसेल.

नोंदपत्रकासाठी ओळखीच्या खुणा: लांबी 32 ते 35 सेंटिमीटर, अंगाने भरदार, मोठा नर 800 ग्रॅमपर्यंत. आपल्याकडचा राखी तित्तर पाहिलेल्यांनी त्याच्या दुपटीने वजनदार पक्षी डोळ्यांपुढे आणावा. पाठ राखाडी-मातकट. कपाळावरून निघालेली काळी पट्टी डोळ्यांतून मागे जाते आणि मानेच्या कडेने उतरून छातीच्या वर जुळते, आतला गळा दुधी. कुशीवर काळ्या-तांबूस उभ्या पट्ट्या. चोच, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं लालभडक. नर-मादी जवळपास सारखेच, त्यामुळे पत्रकात नर-मादीचा रकाना ठेवलेला नाही.

26 एप्रिल, सासपोल

आजची सकाळ पूर्ण लिहिते, कारण अशीच सकाळ थोड्याफार फरकाने पुनःपुन्हा दिसतेय.

उजाडता उजाडता कातळाच्या खालच्या कडेवरून पहिली हाक. सुरुवात संथ, एकेक सुटं ‘चक्... चक्... चक्’, मग वेग धरत धरत ‘चकार-चकार-चकार’. दुसऱ्या सोंडेवरून उत्तर आलं, तिसरं नदीपलीकडून. रात्री पांगलेल्यांना एकत्र आणणारी आणि आपली जागा सांगणारी ही हाक. दगडी दरीत ती इतकी घुमते की पक्षी नक्की कुठे आहे ते कानाने ठरत नाही. म्हणून पत्रकात ‘ऐकला’ आणि ‘दिसला’ असे वेगळे रकाने.

ऊन कातळावर आलं आणि थवा निघाला. सगळे पायी. घसाऱ्याच्या मधोमध न येता त्याच्या कडेच्या टणक सोंडेवरून उतरले, वाटेत थांबत, बुर्त्सेच्या झुडपाखाली चोचीने उकरत. एक पक्षी मात्र कायम उंच दगडावर, मान ताणून. थवा पुढे सरकला की तोही सरकतो, की त्याची जागा दुसरा घेतो, ते अजून नीट सांगता येत नाही.

शेताच्या वरच्या टोकाला युरा आहे, म्हणजे वितळलेल्या बर्फाचं पाणी गावात आणणारा पाट. पाणी कोणाच्या शेताला कधी सोडायचं हे गावाने नेमलेला चुरपोन ठरवतो. काल रात्री वरच्या शेतांची पाळी होती, त्यामुळे पाटाच्या कडेला ओल आणि छोटी डबकी. दोन चकोर तिथे उतरले. एकाने चोच बुडवली, डोकं वर करून घोट खाली जाऊ दिला, पुन्हा बुडवली. लाल चोचीच्या टोकाला लोंबणारा थेंबसुद्धा दुर्बिणीत दिसत होता. दुसरा तोवर पाण्याकडे पाठ करून उभा. मग अदलाबदल.

अमेरिकेत युटामध्ये झालेल्या अभ्यासात कोरड्या दिवसांत चकोर पाण्यासाठी 4.8 किलोमीटरपर्यंत जाताना आढळलेत. इथे माणसाने पाणी डोंगराच्या पायाशी आणून ठेवलंय. वर कपार, मध्ये घसारा, खाली पाट आणि बियाणं, एवढं सगळं हाकेच्या अंतरात. लडाखचं गाव चकोराला का मानवतं याचं उत्तर मला या पाटात दिसतं. पुस्तिकेतल्या नकाशात युरा ठळक निळ्या रेघेने दाखवायचा.

4 मे, लिकीरच्या वाटेवर

उताराचा खरा उपयोग आज अगदी जवळून पाहिला.

वाटेच्या वळणावर मी दगडाला टेकून बसले होते. थवा खालच्या बाजूला, वीस-पंचवीस पावलांवर चरत होता. तेवढ्यात गावाकडून एक कुत्रा नाक जमिनीला लावून आला. आधी कुणी उडालंच नाही. मान ताठ, अंग लांबट, आणि सगळे चढाला लागले. पायांची गती इतकी की प्रत्येक पाऊल वेगळं दिसेना, नुसती लाल रेघ. मोठ्या दगडाशी आले की उडी, पंखांचा एक झटका, पुन्हा पाय. कुत्रा घसाऱ्यात शिरला आणि दोन पावलं पुढे, एक मागे असं त्याचं सुरू झालं. तोवर पहिले चकोर कातळाच्या पायाशी पोचलेही होते.

शेवटचे दोघे मागे पडले. ते कुत्र्याच्या जवळून फर्रकन उडाले, पण वर गेले नाहीत. कड्याच्या टोकावरून हवेत झेपावले, दरीच्या उताराला समांतर, पंख ताठ धरून घसरत पलीकडच्या सोंडेवर उतरले. जमिनीला पाय लागले आणि लगेच हाक सुरू. वरच्यांनी उत्तर दिलं.

चढ पायांनी, उतार पंखांनी. या कुळातल्या पक्ष्यांच्या छातीचे स्नायू जोरकस पण लवकर दमणारे, पंख आखूड आणि गोलसर. झटक्यात उडायला उत्तम, लांब पल्ल्याला निरुपयोगी. वर उडत जाणं म्हणजे ती थोडकी ताकद उधळणं. उतारावर उभं राहिलं की दोन्ही दिशांना सुटकेची वाट असते, आणि दोन्ही स्वस्त. सपाट माळावर या पक्ष्याचं काही खरं नाही.

थव्याची पांगापांग आणि पुन्हा एकत्र येणं या दोन्ही वेळा यापुढे नोंदवायच्या.

9 मे, सासपोल

वारा, धूळ. गच्चीवर बसणं अशक्य. वाचन आणि मजकुराचं काम.

मोंटाना विद्यापीठातले केनेथ डायल यांनी चकोराच्या पिल्लांवर केलेलं काम 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलं. पक्ष्यांच्या उड्डाणाबद्दलची एक जुनी अडचण आहे: अर्ध्या पंखाचा उपयोग काय? ज्या पंखांनी उडताच येत नाही ते पिढ्यान्‌पिढ्या टिकून वाढले कसे? डायल यांनी पिल्लांना तिरक्या फळ्यांवर चढायला लावलं आणि चित्रण केलं. उडता न येणारी पिल्लंही चढताना पंख फडफडवत होती. त्या फडफडीने अंग उचललं जाण्याऐवजी फळीकडे दाबलं जातं, पायांना पकड मिळते, आणि नुसत्या पायांनी जमणार नाही इतका उभा चढ पार होतो. पृष्ठभाग खरखरीत असेल तरच ही युक्ती चालते, गुळगुळीत फळीवर पाय सुटतात. पिसं कातरली की चढण्याची क्षमता घटते. मोठे पक्षी याच पद्धतीने सरळ उभा चढ, अगदी पुढे झुकलेली भिंतसुद्धा चढतात.

डायनोसॉरांच्या वंशात पंख असेच आधी चढायला उपयोगी पडले असतील का, यावर वाद सुरू आहे आणि तो माझ्या आवाक्याबाहेरचा. पण प्रयोगशाळेतल्या खरखरीत फळीच्या जागी इथला घसारा ठेवला की मला तो प्रयोग लख्ख समजतो. परवा मोठ्या दगडांशी जो पंखांचा झटका पाहिला तो हाच. पिल्लं येईपर्यंत वाट पाहायची. पुस्तिकेत यासाठी पूर्ण पान हवं, चित्रकार मित्राला तसं कळवलं.

23 मे, सासपोल

बुद्धपौर्णिमा. गोम्पात (बौद्ध मठात) दिवसभर गर्दी, मेमे-ले सकाळपासून तिकडे. रात्री आभाळ स्वच्छ, घसाऱ्यातला दगड न् दगड दिसेल असं चांदणं. गच्चीवर उशिरापर्यंत बसले.

शेवटची हाक संधिप्रकाशात. त्यानंतर चिडीचूप. दिवस मावळायच्या आधीच सगळे कातळाखालच्या दगडांत चढून गेले होते. पहाटेपर्यंत एकही आवाज नाही, चंद्र डोक्यावर असताना तर नाहीच.

आपल्या ओव्या-अभंगांतला चकोर चांदण्यावर जगतो. ती प्रतिमा मला फार प्रिय आहे आणि पुस्तिकेत ती यायलाच हवी, मराठी वाचक तिचं बोट धरूनच या पक्ष्यापर्यंत येणार. पण तिच्या शेजारी दुसरीही एक जुनी नोंद देणार आहे. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की विषारी अन्न समोर आलं की चकोराच्या डोळ्यांची लाली उडते. विषाचं जाऊ द्या, पण डोळ्याची लाली कुणीतरी जवळून, निरखून पाहिली होती हे त्यातून कळतं. ते लाल कडं मी रोज दुर्बिणीत बघते. पाळलेला चकोर त्या काळच्या लोकांच्या घरादारात असणार. अफगाणिस्तानात आणि पाकिस्तानात अजूनही वेताच्या पिंजऱ्यात तो पाळतात. पाकिस्तानचा तर तो राष्ट्रीय पक्षी. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागू असल्याने त्याला पकडणं आणि मारणं दोन्ही गुन्हा. हे वाक्य चौकटीत घालायचं.

6 जून, रुंबक

झिंगचेनहून ओढ्याकाठाने चालत वर. हेमिस उद्यान 1981 सालचं, क्षेत्रफळाने देशातलं सर्वांत मोठं राष्ट्रीय उद्यान. ओढ्याला विलो आणि जंगली गुलाबाची झुडपं, दोन्ही बाजूंना जांभळट दगडांचे उभे कडे.

इथे उताराला मजले आहेत. सकाळी खूप वरून, बर्फाच्या रेषेखालच्या गवतातून, हिमालयी स्नोकॉकची लांब शीळ येते. तोही याच कुळातला, चकोरापेक्षा कितीतरी मोठा. चकोराची हाक खालच्या झुडपांतून. दोघांचे उतार असे वाटून घेतलेले एका जागी उभं राहून ऐकता येतात, त्यामुळे पुस्तिकेतली पायवाट रुंबकचीच द्यावी असं ठरवतेय. पोचायला पायपीट आहे, पण वाचकाला ते सुचवायला मला संकोच नाही.

थवे आता फुटलेत. जोड्या, किंवा एकटा नर उंच दगडावर. पायवाटेच्या वर एका नराने खाण्याचा तुकडा चोचीने टिपत, पुन्हा टाकत मादीला बोलावलं, ती आली आणि तिथेच टिपू लागली. घरटं म्हणजे झुकत्या दगडाखाली किंवा झुडपाच्या बुडाशी जमीन उकरून केलेला खळगा, थोडं गवत घातलेला. अंडी 7 ते 14, उबवण 23 ते 25 दिवस. एक मादी ओढ्यावर घाईने पाणी पिऊन एकटीच वर पळाली. ती कुठे गेली ते पाहायचा मोह झाला, पण दुर्बीण खाली केली. माणसाच्या मागावर कोल्हा येतो.

2 जुलै, लिकीर

पिल्लं!

पाटाच्या वरच्या बांधावर मादी आणि तिच्यामागे मातकट, पाठीवर गडद रेघा असलेली पिल्लं, मुठीत मावतील एवढी. बांध रचीव दगडांचा, माझ्या कमरेएवढा. मादी उडी मारून वर गेली आणि हलक्या आवाजात बोलवू लागली. एक पिल्लू दगडांच्या फटीत नख्या रोवून चढलं, निम्म्यावर अडलं, आणि मग ते झालं: दोन्ही चिमुकले पंख जोरात फडफडू लागले, पोट दगडाला चिकटलं, आणि ते उभ्या भिंतीवरून सरसर वर. पंखांवर पिसांची नुसती सुरुवात होती, कोवळ्या निळसर नळ्या आणि टोकाला फुटलेला कुंचला. त्या पंखांनी ते जमिनीवरून वीतभरही उडालं नसतं. दुसरं, तिसरं. शेवटच्या पिल्लाने भिंत सोडून कोपऱ्यातला ढासळलेला भाग निवडला आणि सगळ्यांच्या आधी आईपाशी पोचलं.

चित्रण स्वच्छ मिळालंय. शेजारच्या दोन लहान मुली माझ्या शेजारी श्वास रोखून बसल्या होत्या. त्यांना संथ गतीत पुन्हा दाखवलं, तर त्या स्वतःच म्हणाल्या की पंख खाली नाही, मागे मारतोय. नेमकं निरीक्षण. चित्रकाराला पंखांची दिशा तीच दाखवायला सांगितली.

15 जुलै, लेह

‘चकोर परदेशात’ या अर्ध्या पानाचा मजकूर पूर्ण केला.

नैसर्गिक पट्टा ग्रीसच्या बेटांपासून आणि तुर्कस्तानपासून इराण, अफगाणिस्तान, हिमालय ओलांडून थेट मंगोलिया-चीनपर्यंत. पण हिमालयाच्या दमट, पावसाळी बाजूला तो रमत नाही, आणि आपल्या सह्याद्रीत तर नाहीच. शिकारीसाठी माणसाने त्याला जगभर नेलं. 1893 मध्ये कराचीहून काही जोड्या अमेरिकेत गेल्या. पुढे नेवाडा, युटा, आयडाहो, ओरेगॉनच्या कोरड्या डोंगरांत तो असा रुजला की ज्याची शिकार केली जाते असा तिथला महत्त्वाचा पक्षी ठरला. तिथे त्याचं मुख्य खाणं चीटग्रास, हे गवतही बाहेरून आलेलं. दोन पाहुण्यांनी मिळून बस्तान बसवलं. न्यूझीलंडमध्येही 1926 पासून भारतातून पक्षी नेले. युरोपात मात्र शिकारीसाठी सोडलेल्या चकोरांचा तिथल्या लाल पायांच्या तित्तरांशी संकर होऊन मूळ जातीच्या शुद्धतेला धोका झालाय. हे सांगितलंच पाहिजे. पक्षी देखणा आहे म्हणून कुठेही सोडावा असं नाही.

3 ऑगस्ट, सासपोल

सातूची शेतं पिवळी पडू लागली. वेगवेगळ्या जोड्यांची पिल्लं आता एकत्र फिरतात, त्यामुळे ‘एका मादीची पिल्लं’ हा रकाना इथून पुढे अर्थहीन, काढून टाकला. सुरुवातीला पिल्लं किडे जास्त खातात, आता बियाही.

पिकाचं नुकसान होतं का, हे गावात विचारत फिरले. घरच्या आमा-लेंचं (लडाखीत आई) म्हणणं, कडेची चार कणसं जातात, पण टोळ आणि अळ्याही जातात. एवढ्यावर कोणी चिडलेलं दिसलं नाही. तक्रार सगळ्यांची एकच, मोकाट कुत्रे. पर्यटक आणि उपाहारगृहांच्या उष्ट्यावर कुत्र्यांची संख्या वाढलीय, आणि पोट भरलेलं असलं तरी ते डोंगरात जाऊन जमिनीवरची घरटी फोडतात. गरुड आणि कोल्हा यांच्यासाठी चकोराकडे उतार आहे. गावातच वाढलेल्या, टोळीने फिरणाऱ्या आणि पाटावरच ठाण मांडणाऱ्या कुत्र्यांपुढे तो उतार अपुरा पडतो, कारण पाण्याला तर खाली यावंच लागतं. पुस्तिकेत सहलींसाठी सरळ सूचना घातली: उरलेलं अन्न रस्त्याकडेला टाकू नका, कुत्र्यांना बिस्किटं घालू नका, डबा परत न्या.

24 ऑगस्ट, सासपोल

आवराआवर. मुख्य प्रश्नाचं जेवढं उत्तर मिळालं ते तक्त्यात मांडलं. सकाळी पायी खाली, दुपारी घसाऱ्याच्या कडेला दगडांच्या सावलीत, संध्याकाळी चरत चरत वर, रात्र कातळाखाली. धोका आला की चढ पायांनी, दरी पंखांनी. प्रत्येक टप्प्याला ठिकाणाचं चित्र जोडलंय.

नोंदपत्रक हिंदीत आणि लडाखीत छापून शाळेत दिलं. शाळेतल्या आचेंनी (लडाखीत ताई) सुचवल्यावरून ‘युऱ्यात पाणी होतं का?’ हा प्रश्न पहिल्या ओळीत घेतला.

हिवाळ्याची बाजू अजून कोरीच आहे. तेव्हा पाट गोठतात, चकोर मोठ्या थव्यांनी दरीत उतरतात, शेतातल्या खुंटांत दाणे शोधतात. मेमे-लेंनी डिसेंबर ते फेब्रुवारी गच्चीवरून सकाळची नोंद ठेवायचं कबूल केलंय. दुर्बीण त्यांच्याकडे ठेवून जातेय, आणि पत्रकात त्यांच्यासाठी एक रकाना वाढवलाय: वाहतं पाणी कुठे उरलंय.